मदत हवी आहे: व्हीएचएस कॅसेटवरून करून घेतलेली फाइल टीव्हीवर नीट दिसत नाही

नमस्कार. पुढच्या महिन्यात आईचे सहस्रचंद्रदर्शन आहे आणि त्या दिवशी घरच्या मंडळींसमोर तिला १९९८ सालचे, बाबांच्या षष्ट्यब्दीपूर्तीचे चित्रण टीव्हीवर दाखवायचे आहे. तो कार्यक्रम नारायण पेठेतल्या आमच्या वाड्यात झाला होता. आता वाडाही नाही आणि बाबाही नाहीत. लॅपटॉपच्या पडद्यावर आईला माणसे ओळखू येत नाहीत, म्हणून टीव्हीचाच आग्रह आहे.

दोन कॅसेटी पुण्यातल्याच एका दुकानातून डिजिटल करून घेतल्या आणि त्यांनी पाठवलेल्या लिंकवरून फाइल उतरवून घेतल्या. पेन ड्राइव्हची फाइल साठवण्याची पद्धत फॅट३२ असल्याने त्यावर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसेना, एक्सफॅट केल्यावर टीव्हीला ड्राइव्हच दिसेना, शेवटी एनटीएफएस केल्यावर दिसला.

दुसऱ्या कॅसेटची फाइल एमकेव्ही आहे. तिच्यात चित्र दिसत होते, पण आवाज येत नव्हता. एमकेव्ही हा नुसता डबा असतो हे तेव्हा समजले: आतले एच.२६४ या प्रकारातले चित्र टीव्हीला चालत होते, पीसीएम या प्रकारातला आवाज चालत नव्हता. एफएफएमपेग हे रूपांतराचे सॉफ्टवेअर वापरून चित्राला हात न लावता फक्त आवाज एएसी या दुसऱ्या प्रकारात बदलला आणि फाइल लावून पाहिली. बाबांचा आवाज कानावर पडताच आई पिठाच्या हातांनीच स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि शेवटपर्यंत टीव्हीसमोर उभी राहिली. त्यामुळे आता पहिली कॅसेटही तितकीच चांगली दिसावी, असे फार वाटते, कारण बाबांचे गाणे तिच्यातच आहे.

अडचण त्या पहिल्या कॅसेटचीच आहे. ती फाइल डीव्ही प्रकारची एव्हीआय असून, या प्रकारात दर सेकंदाची २५ चित्रे स्वतंत्रपणे साठवली जात असल्याने, तासाभराच्या चित्रणाला सुमारे १३ जीबी जागा लागली आहे. टीव्ही ती उघडतच नाही. हँडब्रेक या रूपांतराच्या सॉफ्टवेअरमध्ये एच.२६४ ची एमपी४ केली तेव्हा ती चालू लागली, पण बाबांनी तान घेताना हात वर नेला की बाहीच्या कडेला कंगव्याच्या दातांसारख्या आडव्या रेघा उमटतात. आपल्याकडच्या पाल या टीव्ही-चित्रणाच्या पद्धतीत प्रत्येक चित्र एकाआड एक ओळींच्या दोन अर्ध्या भागांत, म्हणजे सेकंदाला ५० फील्डमध्ये टिपलेले असते, हे त्याचे कारण असल्याचे वाचले. डीइंटरलेस करून, म्हणजे या फील्डपासून पूर्ण चित्रे बनवून, सेकंदाला २५ चित्रे ठेवली तर रेघा जातात, पण तबल्यावरची बोटे अडखळत चालल्यासारखी दिसतात. ५० चित्रे करून पाहिली तर सगळेच पुढे-मागे थरथरते. डीव्हीमध्ये खालचे फील्ड आधी येते आणि रूपांतर करताना वरचे आधी धरले गेले असावे, अशी माझी शंका आहे. फाइलमधला फील्डचा खरा क्रम कसा तपासावा आणि हँडब्रेकला तोच क्रम वापरायला कसे भाग पाडावे, हे कृपया कोणी सांगेल का?

दुसरा प्रश्न आकाराचा आहे. मूळ चित्र ७२० बाय ५७६ चे, पण दिसायला ४:३ हवे. टीव्ही ते ताणून दाखवतो आणि सगळ्यांचे चेहरे रुंद होतात. ७६८ बाय ५७६ करणे योग्य, की दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या घालूनच फाइल तयार करावी? वरून-खालून कापून पडदा भरणे मला मान्य नाही, कारण त्यात बाबांची पगडी अर्धी जाते.

टीव्हीला स्ट्रीमिंग स्टिक लावून वायफायवरून दाखवण्याचा सल्ला काही जणांनी दिला आहे. परंतु फाइलमध्येच उमटलेल्या रेघा स्टिक घेतल्याने जाणार नाहीत, आणि ऐन कार्यक्रमात वायफायवर विसंबण्यापेक्षा पेन ड्राइव्ह मला अधिक भरवशाचा वाटतो.

१३ जीबीची मूळ फाइल दोन ठिकाणी जपून ठेवली आहे, त्यामुळे रूपांतर कितीही वेळा करून पाहण्याची तयारी आहे. पाल पद्धतीच्या कॅसेटींवर ज्यांनी स्वतः काम केले आहे, त्यांनी आपण वापरलेली सेटिंग जशीच्या तशी येथे लिहिली तर मी आज रात्रीच करून पाहीन आणि काय दिसले ते कळवीन.