इन्युलिनमुळे उंदरांना यकृताचा कर्करोग : मग भाकरीही सोडावी का?

कोथरूडकर :
सोनोग्राफीत फॅटी लिव्हर निघाल्यापासून माझे वडील (वय ६८) रात्री इसबगोल आणि सकाळी ताकातून इन्युलिन या विद्राव्य चोथ्याची (फायबरची) पूड घेत होते. विद्राव्य चोथ्याने उंदरांना यकृताचा कर्करोग झाल्याचे त्यांच्या वाचनात आले आणि त्यांनी पूड तर सोडलीच, पण ज्वारीच्या भाकरीकडेही ते आता संशयाने पाहतात. त्या प्रयोगात नेमके काय आढळले, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उंदीरखान्यातला :
टोलेडो विद्यापीठातील मातम विजय-कुमार यांच्या गटाचा हा प्रयोग २०१८ मध्ये ‘सेल’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. जिवाणूंची चाहूल घेणारे टीएलआर-५ हे प्रथिन ज्यांच्यात नाही, अशा उंदरांच्या आतड्यातील जिवाणूंची घडी मुळातच विस्कटलेली असते आणि ते लठ्ठ होतात. शुद्ध केलेले इन्युलिन मिसळलेल्या आहाराने त्यांचा लठ्ठपणा कमी झाला खरा, परंतु काहींना कावीळ झाली आणि सहा महिन्यांत सुमारे ४० टक्के उंदरांच्या यकृतात कर्करोगाच्या गाठी आढळल्या. बातम्या येथेच थांबतात. मला पुढचा भाग अधिक महत्त्वाचा वाटतो. प्रतिजैविके देऊन जिवाणू कमी केले, किंवा पित्ताम्ले (पित्तातील आम्ले) बांधून ठेवणारे कोलेस्टिरामिन हे औषध दिले, की उंदरांचा बचाव होत असे, आणि आतड्यातील जिवाणूंकडून जवळजवळ न आंबणाऱ्या सेल्युलोज या चोथ्याने असा अपाय झाला नाही. म्हणजे दोष चोथ्याचा नसून, बिघडलेल्या आतड्यात तो ज्या रीतीने आंबतो त्याचा आहे. २०२२ मध्ये त्याच गटाने असेही दाखवले की, आतड्याकडून येणारे रक्त यकृताला वगळून पुढे नेणारी जन्मजात आडवाट काही उंदरांत असते, त्यामुळे त्यांच्या रक्तात पित्ताम्ले साचतात आणि इन्युलिन त्यांनाच भोवते. (एकाच वंशाचे उंदीर हुबेहूब सारखे असतात, हा आमचा समज किती भाबडा आहे, हेही त्यातून कळते.)

आहारतज्ज्ञ, सदाशिव पेठ :
भाकरीवर राग काढू नये. सुमारे सव्वा लाख अमेरिकी स्त्री-पुरुषांच्या दीर्घकालीन पाहणीत (२०१९) अख्खे धान्य अधिक खाणाऱ्यांमध्ये यकृताचा कर्करोग कमी आढळला. अर्थात अशा पाहणीतून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही. इसबगोल विद्राव्य असला तरी आतड्यात फारसा आंबत नाही, म्हणून त्याला इन्युलिनच्या पंक्तीत बसवणे चूक आहे. कांद्या-लसणातही इन्युलिन असते, पण जेवणातून मिळणारे थोडे इन्युलिन आणि चमच्याने घेतलेली पूड यांत फरक करावाच लागतो. वडिलांना पूर्वी कावीळ झाली असल्यास किंवा पित्तमार्गात अडथळा असल्यास, डॉक्टरांना विचारल्याखेरीज पूड पुन्हा सुरू करू नये.

कोथरूडकर :
आभारी आहे. रक्तातील पित्ताम्ले नेहमीच्या यकृत-तपासणीत मोजली जातात का?

आहारतज्ज्ञ, सदाशिव पेठ :
नाही. त्या तपासणीत बिलिरुबिन (काविळीत वाढणारे पिवळे रंगद्रव्य) आणि यकृताची विकरे (एन्झाइम्स) पाहतात. पित्ताम्लांची चाचणी डॉक्टरांकडून वेगळी लिहून घ्यावी लागते.