शंका, संशय, असहमती : कॅथलिक लिखाणात कोणता शब्द कुठे?

प्रश्न : कॅथलिक शिकवणुकीवरचा एक लेख मराठीत करते आहे. 'डाउट'ला शंका म्हणू की संशय? 'डिसेंट'ला मतभेद, असहमती, विरोध असे तीन पर्याय डोळ्यांसमोर आहेत. 'ओबीडियन्स' म्हणजे आज्ञापालन, त्यात काही अडचण नसावी.

प्रतिसाद : खरी अडचण आज्ञापालनातच आहे, पण आधी शंकेचं पाहू. आपण शंका विचारतो, शंकेचं निरसन करून घेतो. संशय कोणी विचारत नाही. तो मनात धरला जातो. कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथ ('कॅटेकिझम', १९९२) नेमका असाच भेद करतो. विश्वास ठेवताना मन अडखळणं, आक्षेपांना उत्तर न सुचणं ही एक अवस्था. देवाने प्रकट केलेलं आणि ख्रिस्तसभेने (म्हणजे चर्चने) मांडलेलं सत्य जाणूनबुजून नाकारणं ही दुसरी, आणि श्रद्धेविरुद्धचं पाप म्हणून दोष लागतो तो हिलाच. पहिलीला शंका म्हणा, दुसरीला संशय. 'दहा हजार अडचणी मिळूनही एक संशय होत नाही' हे इंग्रज कॅथलिक धर्मपंडित जॉन हेन्री न्यूमन यांचं १८६४चं वाक्य त्या ग्रंथात उद्धृत केलं आहे. तिथे 'शंका' घातलंत तर वाक्याचा जीवच जाईल.

दुसरा प्रतिसाद : पण आपण 'हेतूवर शंका घेतली' असंही म्हणतोच की. वाचकाला हा भेद आपोआप कळणार नाही.

प्रतिसाद : बरोबर आहे. म्हणून पहिल्यांदा येईल तिथे 'जाणूनबुजून धरलेला संशय' असं लिहा. सतत प्रश्न पडणाऱ्या भाविकाला एका चुकीच्या शब्दामुळे आपण पापात आहोत असं वाटू नये, यासाठी माझा एवढा आग्रह आहे.

आता 'डिसेंट'. १९९०मध्ये व्हॅटिकनने धर्मपंडितांच्या कार्याविषयी एक निवेदन काढलं. एखादी शिकवण पटत नसेल तर धर्मपंडिताने आपले प्रश्न अधिकाऱ्यांपुढे मांडावेत, असं त्यात म्हटलं आहे. या वैयक्तिक अडचणीला तिथे 'डिसेंट' म्हटलेलं नाही. तो शब्द शिकवणुकीच्या अधिकाराला उघडपणे केलेल्या विरोधासाठी वापरला आहे. म्हणून 'मतभेद' फार सौम्य होतो. 'जाहीर असहमती' चालेल. पोप सहावे पॉल यांनी १९६८मध्ये कृत्रिम संततिनियमन नाकारणारं परिपत्रक काढलं, तेव्हा अमेरिकन धर्मगुरू चार्ल्स करन आणि इतर धर्मपंडितांनी केलं ते हेच. १९८६मध्ये व्हॅटिकनने करन यांना कॅथलिक धर्मशास्त्र शिकवण्यास अपात्र ठरवलं. पण ते धर्मगुरू राहिले, त्यांना पाखंडी ठरवलं गेलं नाही. बाप्तिस्म्यानंतर, श्रद्धेने मानायलाच हवं असं सत्य हट्टाने नाकारणं म्हणजे पाखंड. वर्तमानपत्री भाषांतरात 'असहमती' आणि 'पाखंड' हे दोन्ही शब्द सर्रास एकमेकांच्या जागी पडतात, ते टाळा.

प्रश्नकर्ती : आणि आज्ञापालन?

प्रतिसाद : संन्यस्तांच्या व्रताबद्दल लिहीत असाल तर तोच शब्द. शिकवणुकीबद्दल लिहिताना मात्र पायऱ्या आहेत. प्रकट सत्याला 'श्रद्धेची संमती' द्यायची असते. पोप किंवा बिशपमंडळ अंतिम निर्णय म्हणून न सांगता जे अधिकृतपणे शिकवतात, त्याला १९८३च्या धर्मसंहितेतलं (कॅथलिक चर्चच्या कायद्यातलं) कलम ७५२ 'ऑब्सेक्वियम' मागतं, बुद्धीचं आणि इच्छेचंही. ही श्रद्धेची संमती नव्हे, हेही तेच कलम सांगतं. या लॅटिन शब्दाचा अर्थ कोणी शरणागतीकडे झुकवतात, कोणी आदराकडे. मराठीत 'आज्ञापालन' म्हटलं की हुकूम आणि अंमल एवढंच उरतं. बुद्धी बाहेरच राहते. नुसतं 'आदर' म्हटलं तर ऐकून सोडून द्यायची मोकळीक मिळाल्यासारखं वाटतं. मी 'बुद्धीने आणि इच्छेने केलेला विनम्र स्वीकार' असं लिहीन. लांब आहे, पण यातला एकही शब्द गाळता येत नाही.

तिसरा प्रतिसाद : 'कॉन्शन्स'साठी 'अंतरात्म्याचा आवाज' नको, 'सदसद्विवेकबुद्धी' घ्या. तिच्या निश्चित निर्णयाप्रमाणेच माणसाने वागावं, पण ती चुकूही शकते आणि तिला वळण लावावं लागतं, असं तोच धर्मशिक्षण ग्रंथ सांगतो. आवाजाला वळण लावायचं म्हटलं तर वाक्य गायनाच्या वर्गात जाऊन पोचेल.