मदत हवी आहे: आवार तंबाखूमुक्त करण्याच्या ठरावात दंड कोणत्या कलमाखाली लिहावा?

पूर्वविदर्भ (धागाकर्ता)

नमस्कार. आमच्या महाविद्यालयाला आवार तंबाखूमुक्त घोषित करण्याविषयी पत्र आले असून त्याचा ठराव सोमवारी महाविद्यालय विकास समितीपुढे ठेवायचा आहे. राष्ट्रीय सेवा योजना माझ्याकडे असल्याने मसुदाही माझ्याकडेच आला. ज्या कामाला धनी नसतो, ते आमच्याकडे याच विभागाच्या गळ्यात पडते. सिगारेट, तंबाखू आणि ई-सिगारेट या तिन्हींसाठी सरसकट पाचशे रुपये दंड लिहावा, असा विचार आहे. तो कोणत्या कायद्याच्या कोणत्या कलमाखाली लिहावा, एवढेच सांगावे. तंबाखूच्या दुष्परिणामांवरील मजकूर माझ्याकडे भरपूर आहे, तो कृपया पाठवू नये.

कलमबहाद्दर

पाचशे रुपये लिहिता येणार नाहीत. २००३ च्या तंबाखू नियंत्रण कायद्याच्या कलम ४ नुसार सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानास मनाई आहे आणि त्या ठिकाणांच्या व्याख्येत शैक्षणिक संस्थांचे नाव स्पष्ट घातलेले आहे. मात्र कलम २१ नुसार त्यासाठीचा दंड २०० रुपयांपर्यंतच आहे आणि समितीने ठराव केला म्हणून तो वाढत नाही. शिवाय कलम ४ केवळ धुराविषयी बोलते. तंबाखू चघळणाऱ्याला त्याखाली दंड करता येत नाही. तेव्हा आपल्याकडे नेमके काय चालते, वसतिगृह आहे का, आणि सापडतात ते विद्यार्थी की बाहेरचे, हे कळल्याशिवाय मसुदा लिहिणे म्हणजे रोगी न पाहता औषध देणे आहे.

टेकडीवरून

आपण ठरावाच्या मागे लागला आहात, पण मूळ दाराबाहेर आहे. मी पुण्यात एकतीस वर्षे शिकवले. फाटकासमोरची टपरी हटली, की आतले निम्मे प्रश्न आपोआप सुटतात. कलम ६ प्रमाणे शैक्षणिक संस्थेपासून १०० यार्डांच्या, म्हणजे साधारण ९१ मीटरांच्या आत तंबाखू विकता येत नाही, आणि हे अंतर रस्त्याने चालत जाऊन नव्हे, तर कुंपणाच्या बाहेरच्या कडेपासून सरळ त्रिज्येने मोजतात. आमच्या वेळी टपरीवाला 'वळसा घालून दीडशे यार्ड होतात' असे म्हणत असे, तेव्हा मी स्वतः फीत घेऊन उभा राहिलो होतो. तंबाखूमुक्त शैक्षणिक संस्थांच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांत या अंतरावर पिवळी रेषा आखण्यास सांगितले आहे. ती रेषा आधी आखा, ठराव नंतर.

पूर्वविदर्भ

पानठेल्यांविषयी मी विचारलेले नाही. (आमच्याकडे टपरी म्हणत नाहीत.) विद्यार्थीच सापडतात, वसतिगृह मुलांचे आहे, आणि मुख्यतः खर्रा (सुपारी-तंबाखूचे घोटलेले मिश्रण) चालतो. हे मला वाटले सर्वांना ठाऊक असेल. सिगारेट ओढणारे आमच्याकडे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आहेत.

कलमबहाद्दर

हे पहिल्याच ओळीत लिहायला हवे होते. आपल्याकडे प्रश्न खर्र्याचा आणि आपण ठराव लिहिणार सिगारेटचा. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातील प्रौढांपैकी सुमारे चार टक्के लोक धूम्रपान करणारे आणि सुमारे चोवीस टक्के लोक धूरविरहित तंबाखू घेणारे आढळले होते. म्हणजे धूम्रपानबंदीचा फलक आपण लावाल तेव्हा ज्यांना तो वाचून काही सोडावे लागेल, असे लोक आवारात थोडेच असतील.

फेरीचाहक्क

टेकडीवरून सरांना विचारावेसे वाटते, की त्या टपरीवाल्याचे पुढे काय झाले? फीत घेऊन उभे राहणे सोपे आहे. पथविक्रेत्यांसाठी २०१४ चा कायदा आहे आणि तंबाखू काढून ठेवून चहा-बिस्किटे विकण्यास तंबाखूचा कायदा त्याला अडवत नाही. ठेला उठवणे आणि ठेल्यावरचा एक माल उठवणे यांत फरक आहे.

टेकडीवरून

तो फरक मलाही कळतो. त्याने तंबाखू काढली नाही, म्हणून टपरी गेली. चहा विकला असता तर पहिला पेला मीच घेतला असता.

निळीशाई

पूर्वविदर्भ सर, अकरावी-बारावीचे वर्ग त्याच आवारात भरतात का? हे विचारण्याचे कारण असे, की ती मुले अठरा वर्षांखालील असतात आणि मग गोष्ट दोनशे रुपयांवर थांबत नाही. बालन्याय कायदा २०१५ च्या कलम ७७ प्रमाणे मुलाला तंबाखूजन्य पदार्थ देणाऱ्यास सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. हे दुकानदारालाच नव्हे, पुडी हातोहात पुढे करणाऱ्या पदवीच्या विद्यार्थ्यालाही माहीत असावे. आमच्याकडे प्रवेशाच्या दिवशी हेच एक वाक्य पालकांसमोर मोठ्याने वाचून दाखवत असू, आणि त्याचा परिणाम भित्तिपत्रक स्पर्धेपेक्षा जास्त होत असे.

पूर्वविदर्भ

हो, कनिष्ठ महाविद्यालय सकाळी त्याच इमारतीत भरते. तेही लिहायला हवे होते का?

दूरदेशी_डेव्हिस

कॅलिफोर्नियातून लिहिते आहे. येथील युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया या विद्यापीठाची सर्व आवारे १ जानेवारी २०१४ पासून धूर आणि तंबाखू यांपासून मुक्त आहेत आणि त्या धोरणात चघळायची तंबाखू व ई-सिगारेट दोन्ही पहिल्यापासून धरली आहेत. भर दंडावर नव्हे, समजावण्यावर होता. आपणही तेच धोरण उचलून भाषांतर करावे, असे सुचवते.

कलमबहाद्दर

ताई, तेथे ई-सिगारेट बाजारात मिळते. आपल्याकडे २०१९ च्या कायद्याने तिचे उत्पादन, आयात, वाहतूक, विक्री, वितरण, साठवण आणि जाहिरात हे सर्वच बंद आहे. विक्रीबद्दल पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि साठवणुकीबद्दल सहा महिने किंवा पन्नास हजार किंवा दोन्ही. तेव्हा ज्या वस्तूचा साठाच गुन्हा आहे, तिच्यासाठी महाविद्यालयाने पाचशे रुपयांची पावती फाडावी हे विचित्र दिसेल. झडती व जप्तीचा अधिकार उपनिरीक्षक किंवा त्यावरील दर्जाच्या अधिकाऱ्याला आहे, गृहपालाला नाही. मात्र त्या कायद्याच्या शीर्षकात 'वापर' हा शब्द नसल्याने एखाद्या मुलाच्या खिशात एक सापडली म्हणून त्याला थेट ठाण्यात नेण्याची घाई करू नये; पालकांना बोलवावे. मुले दहा-पंधरा आणून वाटत असतील, तर मात्र पोलिसांना कळवावे.

सोडलेला_खर्रा

माझा अनुभव सांगतो, कोणी विचारलेला नसला तरी. नागपूरच्या बाजूला मी पदवीची तीन वर्षे खर्रा खाल्ला. ठेलेवाला सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत टाकून पाटीवर घोटायचा, आणि त्या घोटण्याचा आवाज ऐकूनच तोंडाला पाणी सुटायचे. दंड दोनदा भरला. वर्गणी काढून भरला, त्यामुळे काहीच वाटले नाही. मग दंतवैद्यांनी तोंड उघडायला सांगितले आणि तीन बोटे उभी जायला हवीत तेथे माझी दीडच गेली. त्यांनी सांगितले, की तोंड असे आखडण्याचे मुख्य कारण सुपारी आहे. म्हणून सर, ठरावात सुपारीचे नाव घाला. नाहीतर जो सापडेल तो 'साधी सुपारी आहे' असे म्हणून सुटेल; मी स्वतः असाच सुटत होतो. आणि १८०० ११ २३५६ हा सोडण्यासाठीचा मोफत दूरध्वनी क्रमांक फलकावर लिहा. पहिल्या आठवड्यात मी तेथे चार वेळा बोललो होतो.

टेकडीवरून

भाजलेली बडीशेप आणि ओवा खिशात ठेवल्यास सवय सुटते.

सोडलेला_खर्रा

सर, माझी बडीशेपेने सुटली नाही. बडीशेपेत चुना मिसळून खाणारेही मी पाहिले आहेत.

पूर्वविदर्भ

माहिती उपयोगी आहे, परंतु मूळ अडचण मी नीट मांडली नव्हती, ती आता मांडतो. दुसऱ्या मजल्यावर जिन्याजवळ आगीसाठी ठेवलेल्या वाळूच्या दोन बादल्या आहेत. त्यांतील वाळू तांबडी होऊन वर घट्ट पापुद्रा धरला आहे. काल मी पेनाने टोचून पाहिले तर पेन आत जाईना. त्या जिन्याने विद्यार्थी जात नाहीत, तो अध्यापक कक्षाचा जिना आहे. प्राचार्यांनी मला सांगितले आहे, की ठरावात दंड करणारा अधिकारी म्हणून आणि फलकावर तक्रार घेणारा म्हणूनही माझेच नाव घालावे. मी कक्षातला सर्वांत कनिष्ठ आहे. पहिली पावती कोणाची फाडावी लागेल, हे मला आजच माहीत आहे.

निळीशाई

आता प्रश्न कळला.

कलमबहाद्दर

मग आपले नाव घालू देऊ नका. २००८ चे नियम, जे त्या वर्षी २ ऑक्टोबरला लागू झाले, दंडाचा अधिकार आपल्या संस्थेसाठी अध्यापकांबरोबर प्राचार्यांच्या पदालाही देतात. तक्रार कोणाकडे करावी त्याचे नाव ठळक लावायचे हे खरे, पण ती जबाबदारी संस्थाप्रमुखाची आहे. आणि तक्रार येऊनही त्याने कारवाई केली नाही, तर जितके गुन्हे तितका दंड त्याच्यावरच बसतो. हे वाक्य मसुद्याबरोबर जोडून प्राचार्यांपुढे ठेवावे, वाद घालू नये.

मसुदा असा करा. धूम्रपानासाठी फक्त कलम ४ व २१ यांचा उल्लेख असावा आणि रक्कम 'दोनशे रुपयांपर्यंत' अशी असावी. 'मैदान ही मोकळी जागा आहे, तेथे कायदा लागत नाही' असा युक्तिवाद हमखास येतो. म्हणून मैदान, वाहनतळ आणि उपाहारगृह यांची नावे संस्थेच्या स्वतःच्या नियमात वेगळी घालावीत. खर्रा, मावा, तंबाखू आणि सुपारी यांची बंदी विद्यार्थ्यांसाठी शिस्तीच्या नियमांतून माहितीपुस्तिकेत यावी आणि कर्मचाऱ्यांसाठी सेवाशर्तींतून यावी. थुंकण्यासाठी महाराष्ट्र पोलीस कायद्याचे कलम ११६ आहे, पण ते सरकारच्या किंवा सार्वजनिक संस्थेच्या ताब्यातील इमारतीला आणि तेथे लावलेली सूचना मोडण्याला लागते. आपली संस्था खासगी असेल तर तो आधार घेण्यापूर्वी विचारून घ्यावे. ई-सिगारेटसाठी रक्कम लिहूच नये, '२०१९ च्या कायद्याप्रमाणे कार्यवाही' एवढेच लिहावे.

फेरीचाहक्क

आणि त्या बादल्यांतली वाळू बैठकीपूर्वी बदलू नये. समितीचे सदस्य त्याच जिन्याने वर येतील, अशी व्यवस्था करावी.

पूर्वविदर्भ

आभारी आहे. तक्रारीसाठी 'प्राचार्य' हे पद आणि कार्यालयाचा दूरध्वनी क्रमांक असे फलकावर लिहावे, हे मी आज दुपारी लेखी दिले. प्राचार्यांनी कागद दोनदा वाचला, सही केली, आणि अध्यापक कक्षातल्या ज्येष्ठ सरांना आपल्या दालनात चहाला बोलावले. आत काय बोलणे झाले ते मला ठाऊक नाही. फलक साठ बाय तीस सेंटिमीटरचा लागतो, त्या मापाचे चार रंगाऱ्याकडून करून घेतले आहेत.

शुद्धलेखनी

फलकावर 'धूम्रपान' या शब्दात धू दीर्घ असावा. राज्यभर 'धुम्रपान' असे ऱ्हस्व लिहिलेले फलक दिसतात. कृपया रंगवण्यापूर्वी तपासावे.

पूर्वविदर्भ

चारही रंगवून झाले आहेत. ऱ्हस्वच आहेत.