लिमिट पोकर : रेज कधी मारायचं आणि नुसतं कॉल कधी? सल्ला हवाय

देवगडचा_पाऊस
नमस्कार मंडळी. आम्ही सात जण दर शनिवारी लिमिट होल्डेम खेळतो (हातात दोन पानं, मधे सगळ्यांची मिळून पाच, आणि बेट किती टाकायची ते ठरलेलं), पैसे अजिबात नाहीत, चिंचोके आहेत, आणि ज्याचे सगळ्यात कमी उरतील त्याने शेवटी सगळ्यांना जेवण घालायचं. एक जूनला मासेमारी बंद झाली की आमचा ट्रॉलरवाला मित्र मोकळा, जुलै संपेपर्यंत तोही येतो त्यामुळे टेबल भरतं. पहिल्या दोन राउंडला लहान बेट २ चिंचोके, नंतरच्या दोनला मोठी ४, ब्लाइंड (दोघांनी पानं बघायच्या आधीच टाकायचे) १ आणि २, एका राउंडला एक बेट आणि तीन रेज, बस.

माझा प्रॉब्लेम असा की मला कळतच नाही किती जोर लावायचा. जोर लावला की पाच जण मागे लागतात आणि कोणाचं तरी काहीतरी लागतं, नाही लावला तर सगळे म्हणतात एवढा चांगला हात असून गप्प का बसलास. परवाचाच हात सांगतो. मी मोठ्या ब्लाइंडला, हातात राण्यांची जोडी. एकाने फोल्ड केलं (पानं टाकली), बाकी सगळे नुसते कॉल करून, म्हणजे तेवढेच देऊन, आत. मी रेज केलं, म्हणजे वाढवलं, कोणीच हललं नाही, सहा जण, पॉट (मधे जमलेले) २४. फ्लॉप (मधली पहिली तीन पानं) बदाम नव्वी, बदाम अठ्ठी, किलवर चौकी. मी लगेच २ टाकले, पाचही जणांनी कॉल. पॉट ३६. टर्नला, म्हणजे चौथं पान, इस्पिक सत्ती. मी ४ टाकले आणि एक काका आहेत आमच्यात, संध्याकाळभर एक शब्द बोलत नाहीत, त्यांनी रेज करून ८ केले. बाकी सगळे फोल्ड. मी कॉल. रिव्हरला, म्हणजे शेवटचं पान, दुर्री, मी चेक (काही न टाकता पुढे), त्यांनी ४ टाकले, मी परत कॉल. काकांनी छक्की-पंजी दाखवली, म्हणजे पंजीपासून नव्वीपर्यंत सलग पाच. पानं एवढी दमट झाली होती की ती दोन्ही एकमेकांना चिकटूनच खाली पडली.

मग मी फ्लॉपला अजून जोर लावायला हवा होता का? की आधीच रेज नको होतं? रात्रभर झोप नाही लागली खरंच.

सुपारीबाग
राण्यांवर रेज बरोबरच होतं, तिथे मनात शंका ठेवू नकोस. सहा जणांत तुझा वाटा एक षष्ठांशाहून बराच जास्त आहे, म्हणजे आत येणाऱ्या प्रत्येक चिंचोक्यात तुझा फायदा. हरलास म्हणून रेज चुकलं असं होत नाही.

मालवणचो_झिल
माका तरी वाटता फ्लॉपलाच चूक झाली. सगळ्यांना बाहेर काढायला हवं होतं.

गुहागर_मुक्काम
बाहेर काढणार कसं पण? इथेच लिमिट वेगळं आहे आणि हे नीट समजून घे कारण तुझ्या प्रश्नाचं मूळ इथेच आहे. मी अकरा वर्षं लॉस एंजेलिसच्या बाजूला होतो, तिकडच्या कार्डरूममधे लिमिटची टेबलं असतात, मी तिथेच शिकलो, आणि पहिलं वर्षभर अगदी तुझ्यासारखाच चिडायचो. नो-लिमिटमधे, जिथे कितीही टाकता येतं, तू २४ च्या पॉटमधे २४ टाकून समोरच्याला महाग पाडू शकतोस. लिमिटमधे तुला २ च टाकता येतात. आता काकांच्या जागी बसून बघ. पॉट २४, तुझे २, झाले २६, आणि त्यांना द्यायचे फक्त २. म्हणजे तेराला एक. त्यांना फक्त सत्ती हवी, चार पानं, न दिसलेली ४७, म्हणजे ४३ विरुद्ध ४, पावणेअकराला एक. त्यांचा कॉल बरोबर होता. काकांनी चूक केलीच नाही, तुझ्या बेटने त्यांना चूक करायची संधीच दिली नाही.

आता दुसरी वाट. तुझ्या डावीकडचे सगळे आणि शेवटी बटण, म्हणजे ज्याची पाळी सगळ्यात शेवटी येते तो. बटणावर कोण होतं?

देवगडचा_पाऊस
माझा चुलतभाऊ. सगळ्यांनी चेक केलं की त्याला बेट केल्याशिवाय राहवत नाही, दर वेळी.

गुहागर_मुक्काम
मग तर झालंच. तू फ्लॉपला चेक कर. काका चेक, बाकीचे चेक, भाऊ २ टाकतो, पॉट २६. छोटा ब्लाइंड सोडतो असं धरू. आता तू रेज करून ४ कर, पॉट ३०. काकांना आता एकदम ४ द्यायचेत, साडेसातला एक, आणि त्यांना हवेत पावणेअकरा. पुढे सत्ती लागल्यावर तीनपेक्षा जास्त मोठ्या बेट वसूल झाल्या तरच त्यांचं जमेल. बहुतेक माणसं एकदम दोन बेट बघून पान टाकतात, एक एक करून तेवढेच मागितले तर देतात. माणसाचा स्वभाव आहे तो, टेबलावर बसून बघितलाय मी शेकडो वेळा.

म्हणजे जोर किती यापेक्षा तो कुठल्या बाजूने येतो हे बघ. तुझ्या लगेच उजवीकडचा बेट करणारा असेल तर साधं रेज कर, मागचे सगळे दोन बेटसमोर येतात. बेट करणारा डावीकडे लांब असेल तर चेक करून थांब. धोका एवढाच की भाऊ नेमका त्याच दिवशी चेक करेल आणि सगळ्यांना फुकट पान मिळेल, म्हणून ज्याची खात्री आहे त्याच्यावरच हे कर.

सुपारीबाग
पटलं. पण टर्नचं काय? मी तिथे फोल्ड केलं असतं. जो माणूस कधी रेज करत नाही तो सत्ती पडल्यावर रेज करतोय.

गुहागर_मुक्काम
कॉल करताना ४८ च्या पॉटला ४, म्हणजे बाराला एक दिसतं, पण ते फसवं आहे. रिव्हरचे ४ पण द्यावे लागणार हे धर. मग ८ देऊन ५२ मिळवायचे, साडेसहाला एक. साडेसात वेळांत एकदा तरी राण्या पुढे असायला हव्यात. चुलतभावासारखा माणूस असता तर डोळे मिटून कॉल. या काकांसमोर मीही सोडलं असतं बहुतेक. पण टर्नला कॉल केल्यावर रिव्हरला सोडणं मात्र नको, तिथे ५६ चा पॉट आणि ४ द्यायचे, पंधरात एकदा बरोबर ठरलास तरी फिटलं. लिमिटमधे मोठा पॉट एका बेटसाठी सोडणं ही सगळ्यात महाग चूक, मी स्वतः दश्श्यांची जोडी धरून असा एक पॉट सोडला होता आणि समोरच्याने नुसता एक्का दाखवला, ते आजही आठवतं.

रत्नांग्रीची_ताई
मी थोडं वेगळं सांगते. सगळे मोठ्या जोडीवर जोर लावतात आणि फ्लशच्या (एकाच रंगाची पाच पानं) वाटेवर असताना गप्प कॉल करत बसतात. पाच जण आत असतील आणि तुझ्याकडे एक्क्यासकट चार बदाम असतील तर फ्लॉपलाच रेज कर. दोन पानांत बदाम लागायची शक्यता ३५ टक्के आहे आणि पैसे, म्हणजे चिंचोके, तू सहातला एकच वाटा घालतोयस. समोर एकच जण असेल तर मात्र हे गणित उलटं होतं, तिथे अर्धा वाटा तुझा.

एक्का-राजाचंही तसंच. फ्लॉपला जोडी साधारण तीनात एकदा लागते. नाही लागली आणि समोर एकच माणूस आहे तर बेट कर, त्यालाही बहुतेक वेळा काही लागलेलं नसतं. पाच जण असताना नाही लागली तर चेक करून गप्प बस, कोणाकडे तरी काहीतरी असतंच. मला हे कळायला दोन पावसाळे गेले. आधी मी हात बघून ठरवायची, आता आधी डोकी मोजते.

सुपारीबाग
ताई, छोट्या जोड्यांचं? तिर्री-तिर्री वगैरे?

रत्नांग्रीची_ताई
फ्लॉपला तिसरी तिर्री साडेसातला एक अशी लागते. म्हणून गर्दी असेल आणि स्वस्तात बघायला मिळत असेल तरच. नाही लागली तर सोडून द्यायची, मोह नको. लागली की मग फ्लॉप, टर्न, जिथे मिळेल तिथे रेज.

गुहागर_मुक्काम
ताईंचं शंभर टक्के बरोबर. अजून एक, तुम्ही शेवटी दोघेच उरता तेव्हाचं. २०१५ मधे कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठाच्या लोकांनी दोघांचं लिमिट होल्डेम कॉम्प्युटरवर जवळजवळ पूर्ण सोडवलं, प्रोग्रॅमचं नाव सिफियस. तो बटणावर सुरुवातीला नुसतं कॉल जवळपास करतच नाही, एकतर रेज नाहीतर फोल्ड. पण हे दोघांचं आहे. सात जणांच्या टेबलावर, जिथे सगळे कॉल करतात, तिथे जसंच्या तसं उचलू नकोस.

देवगडचा_पाऊस
सगळ्यांचे मनापासून आभार, हे सगळं वहीत उतरवून घेतलं. काल परत बसलो. लाईट गेलेली, मेणबत्तीवर खेळ चालू. माझ्याकडे राजांची जोडी, बटणावर भाऊच, फ्लॉप नव्वी, पंजी, तिर्री, तीन वेगळ्या रंगांची. छातीत धडधडत होतं पण चेक केलं. भावाने २ टाकले. मी रेज. काकांनी माझ्याकडे बघितलं, पानं बोटांनी थोडी वर करून परत बघितली आणि सरकवून दिली. तिघे गेले, भाऊ राहिला, रिव्हरपर्यंत आला आणि त्याने नव्वीची जोडी दाखवली.

नंतर आंबोळ्या खाताना काकांना विचारलं काय होतं, तर म्हणाले सत्ती-छक्की. टर्नला चौकीच पडली होती.

गुहागरकाका, ताई, पुढच्या शनिवारी भाऊ नाहीये, त्याच्या जागी ट्रॉलरवाला बटणावर बसेल आणि तो स्वतःहून कधीच बेट करत नाही. तिथे चेक केलं तर सगळ्यांना फुकट पान जाईल ना? मग सरळ बेटच करू?

गुहागर_मुक्काम
हो, तिथे सरळ बेट कर. आणि प्लॅस्टिकची पानं आण रे, या हवेत कागदाची दोन महिने पण टिकत नाहीत.