मदत हवी आहे: घाणेरी निघाली, पण गवताऐवजी रानतुळस आली

नमस्कार. आमचं गाव गोंदिया जिल्ह्यात, नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पाला लागून आहे. ग्रामसभेला सामूहिक वनहक्कात मिळालेल्या जंगलापैकी अभयारण्याच्या हद्दीलगतची साधारण चार हेक्टर जागा घाणेरीने (लँटानाच्या झुडपाने) पार गिळली होती. आमच्याकडे तिला रायमुनिया म्हणतात. चितळांना तोंड लावायला काडी नाही, आणि रानडुकरं दिवसभर त्या जाळीत बसून रात्री धानाच्या बांधीत. म्हणून काढायचं ठरलं.

पहिल्या वर्षी आमचीच चूक झाली. मजूर लावून कोयत्याने बुंध्यापासून छाटली. पाऊस पडताच एकेका खुंटाला सात-आठ फुटवे, जाळी आधीपेक्षा दाट. सगळी मजुरी पाण्यात. मग दिल्ली विद्यापीठाचे प्रा. सी. आर. बाबू यांनी कॉर्बेट व्याघ्र प्रकल्पात वापरलेली पद्धत कळली: बुंध्याच्या खाली, जमिनीच्या आत सोटमूळ तोडायचं आणि झुडूप उलटं करून, मुळं वर ठेवून वाळू द्यायचं. दिवाळीनंतर टिकास घेऊन दोन हेक्टरवर तसंच केलं. तिथलं खोड पुन्हा फुटलं नाही.

अडचण त्यानंतरची आहे. गेल्या पावसाळ्यात आम्ही गवताची वाट बघत होतो. आली ती रानतुळस, छातीएवढी, आणि मधे मधे तरोटा. गवत म्हणाल तर नाल्याच्या काठाला कुसळीचे चार ठोंब. परवा मोहाखाली गमछा अंथरून बसलो, तर तेवढ्याच जागेत घाणेरीची वीतभर छत्तीस रोपं मोजली. वर बुलबुल बसतात, फळं खातात, बिया खाली पडतात.

मृग तीन आठवड्यांवर आलाय. गवताचं बी कुठून आणायचं? एका कार्यालयात विचारलं तर संकरित नेपियर लावा म्हणाले. तो गोठ्यातल्या जनावरांना ठीक, आम्हाला इथलंच गवत परत आणायचंय. गुरं किती दिवस बंद ठेवावी लागतील? गावात दीडशे जनावरं आहेत, गुराख्यांना काय सांगू? आणि उरलेली दोन हेक्टर यंदाच काढावी का? सशांना, अस्वलांना त्या जाळीचा आडोसा आहे, त्याची मला खरंच काळजी वाटते.

प्रतिसाद:

दादा, उरलेल्या दोन हेक्टरला यंदा हात लावू नका. मोकळं केलंय ते आधी सांभाळा, नाहीतर रानतुळशीलाच आणखी रान मिळेल. तीही घाणेरीसारखी अमेरिकेतून आलेली, पण एका वर्षाचं झाड आहे, हे आपल्या फायद्याचं. श्रावणात माती ओली असते तेव्हा, तुरा धरण्याआधी उपटा, मुळासकट येते. जुनं बी जमिनीत पडलेलं असतं, त्यामुळे सलग दोन-तीन पावसाळे हे करावंच लागेल. मोहाखालची रोपं पहिल्या पावसानंतर लगेच काढा. नाल्याच्या काठानेही फिरा, बी पाण्याबरोबर तिकडे उतरतं.

गवताचं बी गोळा करायची वेळ यंदा गेली. पवन्या, कुसळी, तिखाडी ही पावसाळा सरल्यावर पिकतात. गुरं पोचत नाहीत अशा बांधांवरून गोळा करा, सावलीत वाळवून कापडी पिशवीत ठेवा आणि पुढच्या मृगात शेणमातीच्या गोळ्यांतून पेरा. नुसतं फेकलेलं बी वारा नेतो, मुंग्या नेतात. अभयारण्याच्या आतून मात्र परवानगीशिवाय काडीही आणू नका, 1972 च्या वन्यजीव कायद्याने ते चालत नाही. यंदा मारवेल गवताचे ठोंब लावा, पावसात पटकन धरतात. अमरावतीचे डॉ. गजानन मुरतकर यांनी मेळघाटातल्या गवतांवर काम केलंय, तेही पाहा.

गुरं दोन पावसाळे पूर्ण बंद. चारा कापून न्यायचा तर बी झडल्यावरच. हे गुराख्यांना समोर बसवून ग्रामसभेतच ठरवा, परस्पर सांगितलं तर कोणी ऐकणार नाही.

धागाकर्ता:

खूप आभार. तरोट्याचं विचारायचं राहिलं. आमच्या बाया पहिल्या पावसात त्याची कोवळी भाजी खुडतात. यंदा खुडण्याऐवजी उपटूनच न्या म्हटलं, तर शेंगा धरायच्या आधी बराच निघेल ना? आणि सडक अर्जुनीच्या बाजूला कुणाच्या बांधावर मारवेल असेल तर कळवा, मी ट्रॅक्टर घेऊन येतो.