शेजाऱ्यावर प्रीती: तुमचं कुठं अडलं?

लातूरची_लेक:
आज चर्चच्या उपासनेत बायबलमधला मत्तय २२ होता. सगळ्यात मोठी आज्ञा कोणती, तो: देवावर प्रीती कर, अन् शेजाऱ्यावर आपल्यासारखी प्रीती कर. पाळकसाहेब 'शेजारी' म्हणले की मला घागर दिसायची. २०१६ चा एप्रिल. पाण्याच्या टाक्यांपाशी १४४ कलम, मिरजेहून रेल्वेनं पाणी यायलं होतं. आमच्या बोअरला दिवसाचे कसेबसे चार हंडे. बाजूच्या काकू घागर घेऊन आल्या अन् मी तोंडावर सांगितलं, मोटर जळली. पहाटे चारला चोरून चालू केली तर भिंतीपलीकडून त्यांचा खोकला. जाग्याच होत्या. कधी काही बोलल्या नाहीत. दिवाळीला फराळाचा डबा आला, दरवर्षीसारखा. खाल्ला नाही गेला. तुमचं पण लिहा.

बोअरवाला:
ताई, आमच्या गल्लीत निम्म्या मोटरी त्या साली जळल्या. रोज दिवसा जळायच्या, रात्री बऱ्या व्हायच्या.

पाळकाचा_पोरगा:
त्यात 'आपल्यासारखी' हा शब्द अवघड आहे. मूळ जुन्या करारातलं, लेवीय १९:१८, येशूनं ते देवावरच्या प्रीतीच्या जोडीला बसवलं. वडील हे लई छान समजावून सांगायचे. अन् चुलत्याशी बांधावरून बारा वर्षं अबोला. चर्चमध्ये चुलते पहिल्या बाकावर, आम्ही शेवटच्या. उपदेश करताना वडील मधल्या बाकांकडं बघायचे.

जालन्याची_सून:
सासूबाई तीन वर्षं अंथरुणाला. लग्नात बायबलच्या १ करिंथ १३ ची फ्रेम आलेली, प्रीती सहनशील आहे. तिच्याच खाली डायपरचा गठ्ठा ठेवते. रात्री तीनला हाक आली की फ्रेमकडं बघतच नाही. थांबा, दूध उतू चाललं

बीडकर:
प्रभुभोजन सगळ्यांना एकाच प्याल्यातून. पोरीची सोयरीक काढली की पहिला प्रश्न, तुम्ही मूळचे कोण? आजोबांच्या बाप्तिस्म्याला सत्तर वर्षं झाली. विचारणारा मंडळीतलाच, दर रविवारी हात मिळवतो. याच्यावर कशी प्रीती करायची? येशूचं 'सत्तर वेळा सात माफ कर' सांगू नका, मोजून झालं.

पाळकाचा_पोरगा:
दादा, यावर माझ्याकडं उत्तर नाही. आमच्या घरात पण हा प्रश्न विचारला गेलाय.

जालन्याची_सून:
बीडकर दादा, पोरगी किती शिकली? माझ्या मावसभावाचं बघायलेत. ते मूळ विचारणार नाहीत, जबाबदारी माझी.

बीडकर:
बी.एस्सी. नर्सिंग. मेसेज करतो ताई.

बोअरवाला:
मी ख्रिस्ती नाही, पण डब्यात काय होतं ते राहिलंच की.

लातूरची_लेक:
अनारसे. जाळी अशी की आरपार दिसावं. काकू आता लेकाकडं पुण्याला. नंबर आहे, लावला नाही कधी.

जालन्याची_सून:
लावा की, रविवार आहे.

लातूरची_लेक:
अन् काय म्हणू? इतक्या वर्षांनी मोटरचा विषय काढू का?

बोअरवाला:
अनारशाचं प्रमाण विचारा. इथं पण टाका, आमचे तुपात विरघळतात.