ड्राय फिल्मने पीसीबी (सर्किट बोर्ड) करताना बारीक ट्रॅक (तांब्याच्या रेषा) सुटतात नाहीतर गॅप बंद राहतात, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. टोनर ट्रान्सफर (इस्त्रीने प्रिंटचा टोनर तांब्यावर उठवणं) सोडून फोटो एचिंगवर (उजेडाने फिल्मवर नक्षी उठवून नको तिथलं तांबं विरघळवणं) आलोय, कारण बोर्डावर ०.८ मिमी पिचची (शेजारच्या पिनांच्या मध्यांमधलं अंतर) ३२ पिनांची चिप आहे आणि तिथं ट्रॅक, गॅप दोन्ही ०.३ मिमीच्या आसपास लागतात, इस्त्रीने ते काही धड उठत नव्हते.

सेटअप साधाच. कॉपर क्लॅड (तांब्याचा थर असलेला कोरा बोर्ड) घासून पुसून त्यावर निगेटिव्ह ड्राय फिल्म (यूव्ही पडेल तिथं कडक होणारी) लॅमिनेटरने चिकटवतो. आर्टवर्क (सर्किटची नक्षी) लेझर प्रिंटरवर ट्रान्सपरन्सी शीटवर, म्हणजे ट्रॅक पारदर्शक आणि बाकी सगळं काळं. वर काच ठेवून ४०५ नॅनोमीटरच्या यूव्ही एलईडीखाली. डेव्हलपर (कडक न झालेली फिल्म धुऊन काढणारं द्रावण) म्हणजे धुण्याचा सोडा, लिटरला १० ग्रॅम, कोमट पाण्यात.

आता अडचण अशी की ६० सेकंद एक्स्पोज केलं तर जाड ट्रॅक मस्त बसतात पण चिपजवळचे बारीक ट्रॅक सोड्यात कडेने उचलले जातात आणि ब्रश लागला की गेलेच. ९० वर नेलं की ट्रॅक घट्ट, पण पिनांमधल्या गॅपमध्ये फिकट निळी साय राहते, कितीही घासा निघत नाही, तसंच तांबं विरघळवणाऱ्या फेरिक क्लोराइडमध्ये टाकलं तर पिना शॉर्ट होणार हे उघड आहे. मधली वेळ घेतली तर दोन्ही थोडंथोडं. शीट उजेडासमोर धरली की काळ्यात बारीक भोकं दिसतात, मला संशय त्याचाच येतोय. आधी काय बदलू, शीट की लाइट की सोडा? हा बोर्ड घरीच व्हावा अशी फार इच्छा आहे, कृपया सांगा.

प्रतिसाद :
संशय बरोबर आहे तुमचा. काळ्यातून यूव्ही गळतोय, म्हणून ट्रॅक पुरता कडक व्हायच्या आतच गॅपपण कडक व्हायला लागतो, मग कुठलीच वेळ जमत नाही. सोड्याला सध्या हात लावू नका. तीच प्रिंट दोनदा काढून एकावर एक तंतोतंत जुळवा आणि कडेला टेप लावा. दुसरं, प्रिंट मिरर करून घ्या म्हणजे टोनरची बाजू थेट फिल्मला टेकेल, नाहीतर शीटच्या जाडीतून उजेड तिरका आत शिरतो आणि गॅप अजून अरुंद होतात. मग एका तुकड्यावर पुठ्ठा थोडाथोडा सरकवत वेगवेगळ्या वेळा टेस्ट करा, कारण दोन शीट झाल्या की जुनी वेळ चालेलच असं नाही. एक्स्पोजरनंतर १५ मिनिटं बोर्ड अंधारात ठेवा, वरचं प्लास्टिक त्यानंतरच काढा.

प्रश्नकर्ता :
टोनर वरच्या बाजूलाच होता! आज रात्री मिरर करून दोन शीट लावतो आणि टेस्ट तुकड्याचा फोटो इथेच टाकतो.